धाकट्याला कोण सांभाळणार?

वंचित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या वार्षिक अहवालांत बालके, महिला आणि युवक ही प्रकरणे बहुधा वेगवेगळी असतात. प्रत्येकाचा प्रकल्प वेगळा, निधी वेगळा, देणगीदार वेगळा आणि यश मोजण्याची पट्टीही वेगळी असते. शहरातील बांधकामाच्या साईटवर पाळणाघर चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र ही विभागणी फार काळ पाळता येत नाही. तिथे सहा महिन्यांचे तान्हे मूल, डोक्यावरून विटा वाहणारी त्याची आई आणि त्याला कडेवर घेऊन दिवसभर पत्र्याच्या खोल्यांपाशी घुटमळणारी त्याची नऊ-दहा वर्षांची बहीण ही तिघे एकाच प्रश्नाने एकमेकांना बांधलेली असतात, आणि तो प्रश्न म्हणजे आई कामावर गेली की धाकट्याला सांभाळणार कोण. पुणे-मुंबई परिसरातील अशा पाळणाघरांत काम करताना कार्यकर्त्यांच्या गाठी जो अनुभव जमा होतो त्याचा विचार या लेखात केला आहे. त्या अनुभवातून निघणारे मत सुरुवातीलाच नोंदवलेले बरे: तीन वर्षांखालील मुलाच्या दिवसभराच्या सांभाळाची सोय लागल्याखेरीज त्याच्या आईसाठी किंवा मोठ्या बहिणीसाठी आखलेली कोणतीही योजना तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

फिरत्या पाळणाघराचे काम आपल्याकडे १९६९ साली दिल्लीत उभे राहिले. गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना तिथल्या मजुरांची तान्ही मुले धुळीत आणि उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली, एका तंबूत त्यांच्यासाठी पाळणाघर सुरू केले, आणि त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था घडली. १९७२ पासून हे काम मुंबईत सुरू झाले आणि पुढे पुण्यातही आले. आज मुंबईत ‘मुंबई मोबाईल क्रेशेस’ आणि पुण्यात ‘तारा मोबाईल क्रेशेस’ या स्वतंत्र संस्था ते चालवतात. पाळणाघर ‘फिरते’ असण्याचे कारण साधे आहे: इमारत पूर्ण झाली की मजूर पुढच्या साईटवर जातात, आणि पाळणाघरालाही त्यांच्यामागे जावे लागते. याच्या शेजारीच, पण मोठ्या वयाच्या मुलांसाठी, १९८८ साली मुंबईत रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केले, ज्याचा भर साक्षरतेवर आणि मुलांना नियमित शाळेपर्यंत पोहोचवण्यावर राहिला आणि ज्याने बसमध्येच वर्ग थाटून ती बस वस्त्यांपर्यंत नेली.

मराठी वाचकाला यातले काहीही परके वाटण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि काही वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात गेले. मुलांना शाळेत आणण्यासाठी पाडे पालथे घालताना दोघींच्या ध्यानात आले की मोठी मुले शाळेत येत नाहीत ती शिकण्याची नावड म्हणून नव्हे. त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात किंवा पुढ्यात गुरे असतात. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवणारी ‘विकासवाडी’ त्यांनी आकाराला आणली, आणि गुराख्यांसाठी कुरणावर भरणारी ‘कुरणशाळा’ काढली. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याचा त्यांचा प्रयोगही सर्वश्रुत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली, आणि लसीकरण, पोषण व पूर्वप्राथमिक शिक्षण या तिन्ही बाबतींत तिचे ऋण मोठे आहे. पण विकासवाडीतले पाळणाघर त्या प्रवासात मागे राहिले. अंगणवाडी दिवसातले काही तासच भरते, तिथे बसून शिकण्या-खाण्याची सोय तीन ते सहा वयाच्या मुलांची असते, आणि त्याहून लहान मुलासाठी मुख्यत्वे घरी नेण्याचा शिधा मिळतो. आई सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत कामावर असताना ते मूल कोणाजवळ राहील, हे त्या योजनेने कुटुंबावरच सोपवले. कोसबाडला सापडलेले उत्तर शहराच्या साईटवर पुन्हा नव्याने शोधावे लागले ते यामुळे.

साईटवरचे कुटुंब समजून घ्यायचे तर त्याच्या मजुरीची रीत आधी समजून घ्यावी लागते. मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून आलेल्या कुटुंबांच्या शेजारी कलबुर्गी-विजापूरकडची कानडी, तेलंगणातील महबूबनगरकडची तेलुगू, छत्तीसगड व मध्य प्रदेशातली आणि बंगालमधील मालद्याकडची कुटुंबे एकाच लेबर कॅम्पात, म्हणजे साईटच्या कडेला उभारलेल्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांत, राहतात. यांतील बरीच कुटुंबे ठेकेदाराकडून गावीच उचल घेऊन, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम घेऊन, निघालेली असतात. साईटवर त्यांना आठवड्याला ‘खर्ची’ मिळते, जी किराण्यापुरती असते, आणि खरा हिशेब गावी परतण्याच्या वेळी होतो. अशा व्यवस्थेत खाडा, म्हणजे न भरलेला दिवस, दोन्हीकडून नडतो, कारण त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय उचल फिटण्याचा दिवसही लांबतो. बाळंतपण होऊन दोन-तीन महिने झालेली बाई पुन्हा घमेले डोक्यावर घेते तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो. तिला मुलाची माया कमी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्या पाहुण्यांना हे पहिल्याच भेटीत समजावून सांगणे हा कार्यकर्त्यांच्या कामाचाच एक भाग होऊन बसतो.

मग मूल कुठे असते? पाळणाघर सुरू करण्याआधी कार्यकर्त्या संध्याकाळी, मजूर खोल्यांवर परतल्यावर, दारोदार जाऊन पाहणी करतात, आणि या प्रश्नाची उत्तरे जवळपास सगळीकडे सारखीच मिळतात. कोणी मुलाला कामाच्या जागीच सेंट्रिंगच्या खांबांना साडीची झोळी बांधून निजवते, कोणी खोलीत ठेवून बाहेरून कडी लावते आणि मधूनमधून डोकावून जाते, कोणी शेजारच्या म्हातारीकडे देते, आणि घरात सात-आठ वर्षांची मुलगी असली तर ‘पोरगी हाय की’ एवढ्या तीन शब्दांत प्रश्न संपतो. लिफ्टसाठी मोकळा सोडलेला खड्डा, पाण्याची उघडी टाकी, वर तोंड करून उभ्या सळया आणि मागे येणारे डंपर यांच्यामध्ये ही मुलगी धाकट्याला घेऊन वावरत असते. तिच्या अंगावर जबाबदारी मोठ्या बाईची आणि वय मात्र खेळण्याचे, त्यामुळे ती कधी खेळात रमते, आणि अपघात बहुतेक वेळा तेवढ्या क्षणात होतात.

पाळणाघर उघडल्यावरच्या पहिल्या दिवसांत दाराशी हमखास दिसणारे एक चित्र कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचे असते. आत मोठ्या मुलांचा गट गोल करून बसलेला असतो, फळ्यावर चित्रे लावलेली असतात, आणि दाराच्या चौकटीला टेकून एक मुलगी उभी असते, कमरेवर बाळ, बाळाच्या वजनाने शरीर एका बाजूला झुकलेले, एक पाय चौकटीच्या आत आणि एक बाहेर. आत बोलावले तर ती नुसती मान हलवते. बाळ रडले की ती दूर जाते, गप्प झाले की परत येऊन उभी राहते, आणि आतल्या मुलांना जे विचारले जाते त्याचे उत्तर तिच्या ओठांवर हललेले दिसते. नव्या ताईला, म्हणजे पाळणाघरातील शिक्षिकेला, या मुलीला वर्गात ओढून आणण्याची घाई होते. जुन्या ताया आधी बाळाला हात पुढे करतात. बाळ एकदा पाळण्यात निजले, त्याला खिमट भरवले गेले, त्याचे ओले दुपटे बदलले गेले आणि हे सारे त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की मग ती आपण होऊन आत येऊन बसते. काही जणींना तरी पहिले काही दिवस दर थोड्या वेळाने उठून पाळण्यात डोकावल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यांना उठू द्यावे लागते.

तान्ह्यांच्या खोलीतला दिवस बाहेरून पाहणाऱ्याला एकसुरी वाटतो, पण या कामातील सर्वाधिक कौशल्य तिथेच लागते. सकाळी आई मुलाला सोपवते तेव्हा ताई त्याच्या अंगाला हात लावून ताप पाहते, रात्री जुलाब झाले का, दूध कधी पाजले ते विचारते आणि वहीत लिहिते. त्यानंतर अंघोळ, नखे, केसांतल्या उवा, कानांची स्वच्छता हे सारे ओळीने होते. कोसबाडलाही कामाचा प्रारंभ अंघोळीपासूनच झाला होता, कारण अंग स्वच्छ झाल्यावर मूल अधिक मोकळे होते आणि आईचाही विश्वास बसतो. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाला अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते, आणि साईटवरील कुपोषणाची सुरुवात पुष्कळदा इथेच होते, कारण वरचे अन्न दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते आणि तेवढा वेळ बहिणीकडे नसतो, आईकडे तर मुळीच नसतो. पाळणाघरात नाचणीची खीर, मऊ खिचडी, उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे हे पदार्थ ठरल्या वेळी मिळतात. त्यात अप्रूप काही नाही, पण एक माणूस मांडी घालून समोर बसतो आणि मूल घास गिळेपर्यंत थांबतो, याचे मोल मोठे आहे. दुपारच्या सुट्टीत आया पाजायला येतात, सिमेंटने पांढरे झालेले हात नळाखाली धुतात, आणि ती वीस मिनिटे त्यांनाही बसायला मिळालेली दिवसातली बहुधा एकमेव निवांत वेळ असते.

पोषण मोजण्यासाठी दरमहा वजन व उंची घेतली जाते, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर एका रंगीत पट्टीने पाहिला जातो. हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित मानून त्याला तातडीने दवाखान्यात दाखवावे लागते, आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटरमध्ये भरला तर ते मध्यम कुपोषित समजून त्याचा आहार वाढवावा लागतो. पट्टी लाल रंगावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून हिरव्यावर सरकताना पाहणे हा या कामातला निखळ आनंद आहे. अडचण अशी की हिरव्यावर आलेले मूल सणासाठी गावी जाते किंवा बाप दुसऱ्या साईटवर गेला म्हणून अचानक निघून जाते, आणि काही महिन्यांनी परत भेटलेच तर पट्टी पुन्हा पिवळ्यावर असते. लसीकरणाचेही तेच: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस तीन वेगवेगळ्या ठिकाणी घेणाऱ्या मुलाचे कार्ड जपून ठेवायला पत्र्याच्या खोलीत जागा नसते, आणि कार्ड नसले की कोणता डोस राहिला हे सांगणारे कोणी नसते. म्हणून जाणत्या ताया कार्डाला प्लॅस्टिकचे आवरण घालतात, त्याचा फोटो बापाच्या मोबाईलमध्ये काढून ठेवायला लावतात आणि एक नक्कल स्वतःकडे ठेवतात.

सांभाळणारे कोणी नसले की मुलाला गुंगीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देत, याची नोंद १९२० च्या दशकातील पाहण्यांत झालेली आहे, आणि गिरण्यांनी पाळणाघरे काढावीत या मागणीमागे तेही एक कारण होते. साईटवर आज खोकल्याचे औषध किंवा आणखी काही चाटवून मुलाला निजवल्याचे कधी लक्षात येते, तेव्हा आईला दोष देऊन काही साधत नाही. मूल पाळणाघरात येऊ लागले की ते चाटवणे आपोआप बंद होते, हाच अनुभव त्या आईची बाजू पुरेशी स्पष्ट करतो.

मोठ्या बहिणीचा प्रश्न मात्र बाळ पाळण्यात निजल्यावर संपत नाही, तिथे तो सुरू होतो. २००९ च्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश दिला, कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची आणि त्याला मागचे भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली, आणि शाळा बदलताना दाखल्याच्या कारणाने प्रवेश अडवू नये असेही सांगितले. कायदा चांगला आहे आणि कार्यकर्त्यांनी तो वेळोवेळी हाती धरला आहे. पण दहा वर्षांची मुलगी पाचवीच्या वर्गात बसते तेव्हा तिला अक्षरओळख नसते, घरची भाषा लमाणी, कानडी किंवा छत्तीसगडी असते, आणि वर्गात साठ-सत्तर डोळे तिच्याकडे वळतात. अशा मुलीला शाळेत घालण्याआधी काही महिने पाळणाघराच्या आवारातच वाचायला-लिहायला शिकवणारा पूर्वतयारीचा वर्ग लागतो. तो टाळून केवळ पटनोंदणी केली, म्हणजे हजेरीपटावर नाव चढवले, तर ती पंधरा दिवसांत परत दाराशी उभी राहिलेली दिसते. शाळा मुख्य रस्त्यापलीकडे असते, म्हणून तिला नेणारे-आणणारे माणूस लागते. गावी परत जाताना तिच्या हाती शिक्षण हमी कार्ड, म्हणजे ती कुठे आणि कोणत्या वर्गापर्यंत शिकली हे पुढच्या शाळेला सांगणारे कार्ड, पडले आहे की नाही हे पाहावे लागते. महाराष्ट्रात एक महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर राहिलेले मूलही शाळाबाह्य धरले जाते. साईट बदलणाऱ्या कुटुंबातली मुलगी त्यामुळे एकाच वर्षात दोन-तीनदा शाळाबाह्य होऊ शकते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिला पुन्हा हाताला धरून नेले तरच ती परत शाळेत पोहोचते.

आयांच्या बाबतीत पाळणाघराचा पहिला परिणाम मजुरीवर दिसतो: खाडे कमी होतात. दुसरा परिणाम हळूहळू येतो. ठेकेदार बऱ्याच ठिकाणी जोडीचा हिशेब नवऱ्याच्या हाती देतो, आणि बाईने भरलेले दिवस तिच्या स्वतःच्या नावावर कुठेच दिसत नाहीत. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला स्त्रीच्या नावे मिळवणे हे पुरुषाच्या नावे मिळवण्याहून कितीतरी अवघड जाते. पालकसभेत, म्हणजे महिन्यातून एकदा मुलांच्या प्रगतीबद्दल बोलण्यासाठी आयांना बोलावले जाते त्या बैठकीत, वजनाच्या तक्त्यावरून सुरू झालेले बोलणे इथपर्यंत येते: बँकेत खाते कोणाच्या नावे आहे, हिशेबाच्या दिवशी सोबत कोण जाते, पुढचे मूल इतक्यात नको असेल तर सरकारी दवाखान्यात काय मिळते. स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखून, दुपारी हॉलमध्ये खुर्च्या मांडून त्यांना बोलावणाऱ्यांना रिकाम्या खुर्च्या का पाहाव्या लागतात, याचे उत्तर या बैठकीत सापडते. आपल्या मुलाला जिथे दिवसभर नीट ठेवले जाते तिथे बाई विश्वासाने बोलते. नुसत्या जागृतीसाठी खाडा करणे तिला परवडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ नुसार पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली, पुरेशी स्वच्छता आणि प्रशिक्षित स्त्रियांची देखरेख बंधनकारक करण्यात आली. २०२० च्या श्रमसंहितेने हा आकडा केवळ स्त्रियांचा न ठेवता एकूण पन्नास कामगारांचा केला, ही निश्चितच सुधारणा होय, कारण जुन्या तरतुदीत स्त्रिया पन्नासाच्या आत दाखवल्या की जबाबदारी संपत असे. तरीही प्रत्यक्षातली अडचण आकड्याच्या पलीकडची आहे. मोठ्या साईटवर आता तयार काँक्रीट पंपाने वर चढते, क्रेन विटा उचलते आणि डोक्यावरून ओझे वाहण्याचे काम घटते, तसे तिथे एकट्या पुरुषांचे कॅम्प वाढतात. कुटुंबे मध्यम आणि लहान साईटवर, ठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडे सरकतात, जिथे कामगारांची संख्या विखुरलेली असते आणि तपासायला येणारे कोणी नसते. मुले सर्वांत असुरक्षित जिथे आहेत तिथे कायद्याचा हात सर्वांत तोकडा पडतो, आणि संस्थांनाही तिथे पाळणाघर काढणे सर्वांत महाग पडते.

महाग पडण्याचे कारण माणसे आहेत, आणि ते तसेच असायला हवे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असे प्रमाण धरले होते. पंचवीसपैकी आठ-दहा मुले तान्ही असतील तर दोन माणसांच्या चार हातांत भरवणे, धुणे, निजवणे आणि मोठ्यांना शिकवणे मावत नाही, हे तिथे एक दुपार काढलेल्या कोणालाही पटेल. चांगल्या पाळणाघराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा म्हणूनच पगाराचा असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्या आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करतात, आणि त्या पैशाने पुष्कळ चांगली कामे झाली आहेत. परंतु संगणक, टॅब, रंगवलेल्या भिंती, ज्यांच्यावर नाव कोरता येते अशा वस्तू यांना पैसा चटकन मिळतो आणि ताईच्या पगाराला मिळताना शंभर प्रश्न विचारले जातात, ही या क्षेत्रातली सर्वांत दुखरी गोष्ट आहे. दोन वर्षांच्या मुलाची प्रगती परीक्षेच्या गुणांत दाखवता येत नाही. ते मेले नाही, पडले नाही, आजारी राहिले नाही आणि त्याची बहीण शाळेत गेली, एवढेच सांगता येते. ज्या अहवालात एवढेच लिहिलेले असेल तो अहवाल उत्तम कामाचा आहे, असे देणगीदारांनी समजायला हवे.

या ताया कोण असतात हे पाहिले की अहवालातले युवकांचे प्रकरणही याच खोलीत येऊन बसते. बहुतेक जणी जवळच्या वस्तीतल्या, दहावी-बारावी झालेल्या, घरच्यांनी ‘लांब नोकरी नको’ म्हणून अडवलेल्या मुली आणि तरुण सुना असतात. बालविकासाचे टप्पे, प्रथमोपचार, आहार, गोष्ट सांगण्याची रीत, नोंदी ठेवणे यांचे प्रशिक्षण त्यांना मिळते, काही जणी पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतात, आणि साईट इंजिनिअरसमोर उभे राहून पाण्याच्या टाकीवर झाकण बसवून घेण्याइतका आवाज त्यांच्यात येतो. त्यांच्यातल्या काही स्वतः लहानपणी अशाच कॅम्पात वाढलेल्या असतात. तरुणांच्या हाताला काम देण्याच्या योजनांत शिवणयंत्र, ब्यूटी पार्लर आणि संगणक यांची गर्दी असताना बालसंगोपन हे शिकण्याजोगे, पगारी आणि प्रतिष्ठेचे कौशल्य म्हणून फारसे कोणी मांडत नाही. तसे मांडले गेले तर शहराला हजारो प्रशिक्षित ताया मिळतील, आणि त्यांची गरज केवळ साईटपुरती नाही; घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायांच्या मुलांनाही दिवसभर कोणीतरी हवेच असते.

पाळणाघर बंद करण्याची वेळ प्रत्येक साईटवर येते, आणि तिची तयारी उघडण्याच्या दिवसापासून करावी लागते. स्लॅबची कामे संपून गिलावा आणि फरशीची कामे सुरू झाली की कुटुंबे गळू लागतात, पट रोडावतो, आणि शेवटी खोली साईटच्या कार्यालयाला परत द्यावी लागते. पाळणे, सतरंज्या, वजनकाटा, पाट्या, खेळणी टेम्पोत भरून पुढच्या साईटवर जातात. मुले तशी एकत्र जात नाहीत. एक कुटुंब हिंजवडीला, दुसरे पनवेलला, तिसरे गावी. शेवटच्या आठवड्यांत म्हणून ताया प्रत्येक घरी जाऊन पुढचा ठावठिकाणा, ठेकेदाराचा क्रमांक आणि जवळच्या पाळणाघराचा किंवा अंगणवाडीचा पत्ता लिहून देतात-घेतात. त्यांतली काही मुले पुन्हा सापडतात, पुष्कळ सापडत नाहीत. संस्था कितीही चांगली असली तरी ती एकटी हे जाळे विणू शकत नाही. त्यासाठी बांधकाम परवानगी देणारी महापालिका, बांधकामावरील उपकराचा पैसा राखून असलेले कामगार कल्याणकारी मंडळ आणि बिल्डर यांनी पाळणाघराला पाणी-विजेसारखी साईटची मूळ सोय मानायला हवे. काही बिल्डरांनी तसे मानलेही आहे: ते खोली, वीज-पाणी आणि खर्चाचा वाटा देतात, आणि त्यांच्या साईटवर मजूर टिकून राहतात, हे त्यांनीच अनुभवले आहे.

या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांनी पुण्या-मुंबईत घर घेतलेले असेल किंवा ते घेण्याच्या विचारात असतील. सँपल फ्लॅट पाहायला जाताना महारेराचा नोंदणी क्रमांक, पार्किंग, पाण्याची सोय आणि ताबा मिळण्याची तारीख हे सारे विचारले जाते, आणि ते विचारणे रास्तच आहे. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा, की इथे काम करणाऱ्या बायांची मुले दिवसभर कुठे असतात, आणि शक्य असेल तर ती खोली दाखवायला सांगावी. उत्तर आले नाही तर सोसायटीच्या होऊ घातलेल्या सभासदांनी मिळून पाळणाघराची मागणी करणारे पत्र बिल्डरला द्यावे. जवळ पाळणाघर चालत असेल तर एका ताईच्या महिन्याच्या पगाराचा काही भाग, वस्तूंऐवजी, नियमितपणे द्यावा.